काळ्या मातीतले औषध

मृगाची पहिली सर तापलेल्या काळ्या रानावर पडली म्हणजे जो वास सुटतो, तो आपल्या ओळखीचा आहे. या वासासाठी माणूस ओसरीवरून उठून अंगणात येतो. पण हा वास येतो कोठून, असे मी एकदा वर्गात विचारले, तेव्हा एकाने उत्तर दिले, "सर, मातीचाच असतो तो!" उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धेच होते. मातीला तो वास देणारे जीव मातीत राहतात, आणि त्याच जीवांच्या कुळातून माणसाला क्षयासारख्या रोगावरची पहिली गुणकारी औषधे मिळाली. या नात्याविषयी आज आपल्याशी थोडे बोलायचे आहे.

आधी एक कबुली देतो. मी भूगोलाचा अध्यापक आहे. जंतुशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण बुलढाणा जिल्ह्यात भूगोल शिकवायचा म्हणजे मातीवाचून गत्यंतर नाही. खामगाव-शेगावकडची कपाशी, मेहकर-लोणारकडचे सोयाबीन, मोताळा-मलकापूरकडचा मका, हे सगळे मातीचेच देणे. त्या मातीच्या पोटात काय चालते, ते मी आमच्या विज्ञान शाखेतील सहकाऱ्यांच्या मागे लागून शिकलो. तेच आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या उकिरड्याकडे पहा. शेणखताचा खड्डा नीट मुरला आणि उकरून पाहिला, की आत राख भुरभुरल्यासारखा एक पांढुरका थर दिसतो. पुष्कळांना तो बुरशीचा वाटतो. पण बहुतेक वेळा ती बुरशी नसते. ते धाग्यासारखे वाढणारे जिवाणू असतात. शास्त्रज्ञ त्यांना ॲक्टिनोमायसीट म्हणतात, आणि त्यांच्यातले सर्वांत मोठे कूळ स्ट्रेप्टोमायसीस. पऱ्हाटी, धसकटे, पाला, कुटार, म्हणजे वनस्पतीचा जो चिवट भाग इतर जंतूंना सहसा पचत नाही, तो हे जिवाणू कुजवतात. पहिल्या पावसाच्या त्या वासात जिओस्मिन नावाचा जो पदार्थ असतो, तोही मुख्यतः यांचाच.

आता तुम्ही म्हणाल, काडीकचरा कुजवणाऱ्या जिवाचा आणि औषधाचा काय संबंध? संबंध आहे तो भुकेचा. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. अन्न थोडे आणि तोंडे फार, अशी तेथे कायमची स्थिती. अन्न भरपूर असते तोवर हा जिवाणू वाढत राहतो. ते संपत आले की वाढ मंदावते, आणि त्याच सुमारास तो आपल्या अंगातून काही द्रव्ये बाहेर सोडू लागतो. त्यांतील काही द्रव्ये शेजारच्या जंतूंची वाढ रोखतात, काहींना ठार करतात. हीच प्रतिजैविके. डॉक्टर आणि औषधाचे दुकानदार ज्यांना अँटिबायोटिक म्हणतात, ती.

ही गोष्ट चिकाटीने हुडकून काढली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे मृदाशास्त्रज्ञ सेल्मन वाक्समन यांनी. ते डॉक्टर नव्हते. माती हा त्यांचा विषय. त्यांच्या हाताखाली अल्बर्ट शॅट्झ नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी काम करीत होता. १९४३ च्या ऑगस्टमध्ये, प्रयोगशाळेच्या तळघरात, शॅट्झला एक करड्या रंगाचा स्ट्रेप्टोमायसीस सापडला. एक वाण भरपूर खत घातलेल्या शेतातील मातीतून आला होता, दुसरा एका कोंबडीच्या घशातून. त्यापासून जे द्रव्य निघाले ते स्ट्रेप्टोमायसिन. पेनिसिलिन क्षयाच्या जंतूपुढे निष्प्रभ होते. स्ट्रेप्टोमायसिनने त्याला प्रथमच आवर घातला. १९५२ चे नोबेल पारितोषिक वाक्समन यांना मिळाले. शॅट्झला त्यात वाटा मिळाला नाही. शोधावरील आपला हक्क मांडण्यासाठी त्याला त्याआधीच न्यायालयात जावे लागले होते. शिक्षक मित्रांनो, आपण हा धडा शिकवाल तेव्हा गुरूच्या नावाबरोबर शिष्याचेही नाव फळ्यावर लिहा, एवढी विनंती आहे.

त्यानंतर जगभर मातीची झडती सुरू झाली. व्हेनेझुएलाच्या मातीतून क्लोरॅम्फेनिकॉल आले, फिलिपाईन्सच्या मातीतून एरिथ्रोमायसिन. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या प्रयोगशेतातील गवताच्या तुकड्यातून ऑरिओमायसिन निघाले. टेट्रासायक्लिन घराण्यातले हे पहिले औषध १९४८ मध्ये जगापुढे आले. ज्या कंपनीत हे काम झाले तेथील संशोधनाची धुरा भीमावरमला जन्मलेल्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

आपल्या महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली केंद्र सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभारली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य होते. १९५५ पासून तेथे पेनिसिलिन निघू लागले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. पण पिंपरीने केवळ परक्यांच्या पाककृती गिरवल्या नाहीत. तेथील संशोधक डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनी पिंपरीचीच माती तपासली, तीत एक नवा स्ट्रेप्टोमायसीस शोधला आणि त्याला गावाच्या नावावरून स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना असे नाव दिले. त्याच्यापासून मिळालेले हमायसिन हे बुरशीजन्य रोगांवरचे औषध १९६१ मध्ये जाहीर झाले. मागोमाग ऑरिओफंजिन आले. ते पिकांवरील बुरशीसाठी वापरले गेले. पायाखालच्या मातीला एक गाव काय विचारू शकते, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

मी हे सारे एकदा पालकांच्या सभेत सांगत होतो. सभा संपल्यावर एक कास्तकार पुढे आले. म्हणाले, "सर, माती आमची, सरकी आमची, सोयाबीनही आमचंच. मंग हे औषध आपल्या इथंच काहून होत नाही? एखाद्या हौदात आंबवून पाहता येत नाही काय?"

प्रश्न भाबडा नव्हता. त्यांच्या बोलण्यातील पहिला भाग तर अगदी बरोबर होता. या जिवाणूंना खायला लागतात ती शेतातलीच द्रव्ये. साखर किंवा पिष्ट हे त्यांचे सरपण. आणि नत्रासाठी सोयाबीनची पेंड, शेंगदाण्याची पेंड, सरकीचे पीठ, मक्याचे सत्त्व काढताना उरणारे आंबूस पाणी. १९४१ मध्ये अमेरिकेतील पिओरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेत पेनिसिलिनच्या बुरशीला हे मक्याचे पाणी घालून पाहिले, आणि उत्पन्न कित्येक पटींनी वाढले. तोवर ते पाणी म्हणजे पिष्ट-कारखान्यांची अडगळ होती. स्ट्रेप्टोमायसिनसाठी सोयाबीनची पेंड उत्तम ठरली. एवंच, आपल्या शेतातून जे निघते, तेच या कामाचे भांडवल.

मग अडते कोठे? तर हौदाशी अडते.

दुधाला विरजण लावणे आपल्या घरोघरी चालते. दूध तापवून कोमट केले, चमचाभर विरजण घातले, झाकून ठेवले; सकाळी दही तयार. कारखान्यातली कृती तत्त्वतः हीच. निवडलेल्या जिवाणूचे बीज सुकवून जपून ठेवलेले असते. ते आधी लहान चंबूत वाढवतात, मग मोठ्या भांड्यात, आणि शेवटी हजारो लिटरांच्या पोलादी टाकीत. टाकीत पेंड, साखर, क्षार आणि पाणी घालून दाबाखालच्या वाफेने सगळे निर्जंतुक केलेले असते. मग पुढचे पाच-सात दिवस तिला तान्ह्या मुलासारखे सांभाळायचे. उष्णता अठ्ठावीस अंशांच्या आसपास राखायची. या जिवाणूला श्वास लागतो, म्हणून गाळून शुद्ध केलेली हवा अखंड सोडायची आणि पाती फिरवून घुसळत राहायचे. फेस वर आला की थोडे तेल सोडून तो बसवायचा. साखरही कित्येकदा एकदम न देता थोडथोडी द्यायची, कारण पोट तुडुंब भरलेला जिवाणू औषध करीत नाही. हे मघाशी आपण पाहिलेच. नंतर तो रस गाळायचा, त्यातून औषध वेगळे काढायचे, शुद्ध करायचे, सुकवायचे, तपासायचे.

या सगळ्यात एक परका जंतू आत शिरला, तर तो पेंड खाऊन फस्त करतो. कधी कधी औषधच नष्ट करतो. मग ती संपूर्ण टाकी ओतून द्यावी लागते. आपल्या घरचे दही बिघडले तर वास येतो, जिभेला कळते. येथे डोळ्यांना आणि नाकाला काहीच कळत नाही. उघड्या हौदात पेंड आंबवली तर तीत शंभर जातींचे जंतू वाढतील. त्यांतला एखादा औषध करीलही. दुसरा विष करील. आणि दोघे एकाच पाण्यात असतील.

हे मला नुसते ऐकून पटले नसते. एका पावसाळ्यात माझ्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांकडून महाविद्यालयाच्या आवारातील मातीची तपासणी करवून घेतली. काचेच्या बशीत खळीसारखे घट्ट खाद्य, त्यावर निरुपद्रवी जंतूंचा पातळ थर, आणि त्यात मातीतून वेगळा केलेला एक जिवाणू. तीन दिवसांनी त्या जिवाणूभोवती स्वच्छ पारदर्शक कडे पडलेले दिसले. कडे म्हणजे तेथवरचे जंतू वाढलेच नाहीत. मुले आनंदाने नाचू लागली. मीही, भूगोलाचा मास्तर असून, त्यांत होतो.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा रिकामी बाटली घेऊन आला. त्याच्या आजीच्या पायाला जखम होती, बरी होत नव्हती. त्याला त्या जिवाणूचे पाणी हवे होते. माझ्या सहकाऱ्यांनी त्याला शेजारी बसवून घेतले. सांगितले, "अरे, जंतू मारणारी द्रव्ये मातीत पुष्कळ सापडतात. पण जंतूला मारील आणि माणसाला मारणार नाही असे द्रव्य क्वचित सापडते. या कड्यावरून ते कळत नाही." मुलगा निराश झाला. पण त्याच संध्याकाळी आजीला दवाखान्यात नेले. जखमेमागे मधुमेह होता. आम्ही बाटली भरून दिली असती तर काय झाले असते, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

कडे आणि औषध यांच्यामध्ये वर्षांची तपासणी असते. स्ट्रेप्टोमायसिनसारखे उत्तम औषधदेखील कानाला इजा करू शकते, हे रोग्यांवर वापरू लागल्यावर कळले.

मग आपण काय केवळ पेंड पिकवायची? नाही. आपल्या जिल्ह्यात मातीचे एक असे दालन आहे की जगातले शास्त्रज्ञ ते पाहायला येतात. लोणारचे सरोवर. काळ्या पाषाणावर अशनी आदळून झालेले हे विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. काठावर धारेचे गोडे पाणी, आणि खाली तळ्याचे पाणी खारे व सोड्यासारखे. सामू हा शब्द आपल्याला माती परीक्षणाच्या कार्डावरून ठाऊक आहे. त्या तळ्याचा सामू बराच काळ दहाच्या आसपास मोजला गेला आहे. अशा पाण्यात मासा जगत नाही, पण जिवाणू जगतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की, हा रंग खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे. त्याच वर्षी हे सरोवर रामसर यादीत गेले.

जिथे जगणे कठीण, तिथले जीव काही वेगळी द्रव्ये करीत असतील, या आशेने अनेक संशोधकांनी लोणारच्या चिखलातून ॲक्टिनोमायसीट वेगळे केले आहेत. काहींच्या भोवती ते कडे पडलेलेही दिसले आहे. पण मघाशी सांगितलेले ध्यानात ठेवा: कडे म्हणजे आरंभ. एखाद्या दिवशी लोणारचे नाव एखाद्या औषधाला लागावे, असे मला फार वाटते. त्यासाठी दोन गोष्टी लागतील. एक, ते तळे तसे खारे आणि स्वच्छ राहिले पाहिजे. त्यात गावाचे सांडपाणी उतरता कामा नये. दुसरी, तिथला चिखल कोणी बाटल्या भरून नेऊ नये. ते अभयारण्य आहे. नमुने घेण्याला परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे.

आता जे सांगायचे आहे ते माझ्याच घरचे आहे.

काही वर्षांपूर्वी शेतात विळा लागून वडिलांच्या पायाला जखम झाली. मी गावी गेलो होतो. घरातल्या पत्र्याच्या डब्यात मागच्या आजारातली चार कॅप्सूल उरली होती. वडील म्हणाले, "मागल्या खेपेला यानंच बरं वाटलं होतं." मी सुशिक्षित माणूस, पण मीच ती काढून दिली. दोन दिवस दोन-दोन. ठणका कमी झाला, आम्ही निश्चिंत झालो. आठव्या दिवशी पाय सुजून आला, ताप भरला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "आधी काही घेतलं का?" मला मान वर करता येईना. त्यांनी पू तपासायला पाठवला. पहिली दोन औषधे त्या जंतूवर चालेनात, तिसरे चालले. वडील अठरा दिवस दवाखान्यात होते. तो जंतू माझ्या चार कॅप्सूलमुळे निर्ढावला की आधीच तसा होता, हे कोणी सांगू शकणार नाही. पण ते चार-पाच दिवस मी वाया घालवले, एवढे नक्की.

जंतू निर्ढावतात हे आजचे नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवले होते की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात. १९४८ मध्ये इंग्लंडमधील चाचणीत दिसले की, एकटे स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या पुष्कळ क्षयरोग्यांत काही महिन्यांतच जंतू त्याला दाद देईनासे झाले. म्हणून तर क्षयावर आज अनेक औषधे एकत्र आणि महिनोन्‌महिने देतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. खोकला थांबला म्हणून दुसऱ्या महिन्यात गोळ्या सोडणारा माणूस स्वतःचे तर नुकसान करतोच, पण निर्ढावलेला जंतू घरातल्या लेकरांना देतो. जगात २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनी सुमारे बारा लाख सत्तर हजार माणसांचा थेट बळी घेतला, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

आणि कास्तकार बंधूंनो, ही गोष्ट दवाखान्यापुरती नाही. कपाशीवरील जिवाणूजन्य करपा, लिंबावरील खैऱ्या, यांसाठी स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी आपल्यापैकी अनेकांनी फवारली आहे. त्या पुडीत काय असते? स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. माणसाच्या दंडात टोचले जाणारे औषध आणि पानावर फवारले जाणारे औषध एकच. पानावरून ते ओघळते, पुन्हा मातीत जाते, आणि तिथल्या कोट्यवधी जंतूंना त्याची सवय लागू शकते. म्हणूनच केंद्र सरकारने २०२१ मध्ये शेतीतील हा वापर थांबवण्याचा मसुदा काढला. कीड पडली तरी पुडी, बुरशी आली तरी पुडी, हे तर निव्वळ पैसे पाण्यात घालणे. कारण कीड आणि बुरशी त्याने मरत नाही. रोगमुक्त बियाणे, पिकाची फेरपालट, रोगट धसकटांचा नायनाट, हे उपाय आधी. कोंबड्या आणि जनावरांच्या बाबतीतही तेच. कोलिस्टिन हे मातीतल्या जिवाणूपासूनच मिळणारे, शेवटच्या घटकेला कामी येणारे औषध. ते खाद्यातून कोंबड्यांना चारले जाई. २०१९ मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली.

सर्दी-पडशाला ही औषधे चालत नाहीत. तो आजार बहुधा विषाणूंचा असतो. गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नका. सांगितले तितके दिवस घ्या. मनाने कमी नाही, जास्तही नाही. उरले तर डब्यात जपू नका. आणि शेजाऱ्याला देऊ नका, मग तो कितीही जवळचा असो.

शिक्षक मित्रांनो, शाळेत जंतू वाढवण्याचा खटाटोप करू नका; त्याला प्रयोगशाळा आणि जाणता माणूस लागतो. पण एक प्रयोग अवश्य करा. जुन्या सुती धोतराच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एक बांधावरच्या, शेणखत मिळालेल्या जमिनीत वीतभर खोल पुरा. दुसरी शाळेच्या टणक मैदानात. दोन्हींवर मधूनमधून पाणी घाला. महिन्याने काढून मुलांच्या हाती द्या, आणि मग हात साबणाने धुवायला लावा. कोणती पट्टी विरली आणि का, हे मुलांनाच सांगू द्या. माती जिवंत आहे, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळेल.

त्या कास्तकारांना मी शेवटी काय उत्तर दिले, ते सांगायचे राहिले. मी म्हणालो, "भाऊ, औषध हौदात होणार नाही. पण तुमचा मुलगा शिकला तर ते करणाऱ्यांत तो असू शकेल." ते हसले, म्हणाले, "अन् तवरपर्यंत?"

तोवर, श्रोतेहो, जे मातीने दिले आहे ते वाया न घालवणे, एवढे आपल्या हातात आहे. पुढच्या मृगात तो वास आला म्हणजे याची आठवण ठेवा.